जालिंदरचं शेवटचं पान

भान्या, मेलास ते मेलास, पण भांडण अर्ध्यावर टाकून गेलास याचा मला जास्त राग आलाय. मेलेल्या माणसाला वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. तू होतास तेव्हा माझं तोंड तुला बंद करता आलं नाही, आता कोण करणार?

तुझी चिता पेटली तेव्हा निम्मं मिरजगाव नदीत उभं होतं. नदी कसली, नुसती वाळू. माझ्या शेजारी दोन म्हातारे कुजबुजत होते. एक म्हणाला, "पोरगं हुशार हुतं, पर हात लई चालायचा." दुसरा म्हणाला, "हातानंच गेलं म्हना की." आणि मी मान हलवली. ऐकतोयस ना? मी, तुझा लक्ष्या, तिथं उभा राहून हो म्हणाल्यासारखी मान हलवली. ते तुला सांगायचंय, म्हणून हा सगळा खटाटोप.

तुझा हात चालायचा हे माझ्यापेक्षा कोणाला जास्त माहीत? नगरच्या बोर्डिंगात सातवीत होतो. खिडकीखालची जागा कोणाची यावरून तू माझी मानगूट धरलीस आणि तोंड लोखंडी पेटीवर आपटलंस. पुढचा दात अर्धा तुटला तो तुटलाच. रक्त बघून मी रडायचा थांबलो आणि तू रडायला लागलास. दुसऱ्या दिवशी मला चावता येईना, तर तू तुझ्या वाटणीची भाकरी आमटीत कुस्करलीस, लगदा केलास आणि माझ्यापुढं सरकवलास. माफी नाही मागितलीस. "गीळ," एवढंच म्हणालास. तेव्हापासून आपण दोस्त. माणसं कशावरून दोस्त होतात बघ.

मग तू मॅट्रिक होऊन मुंबईला गेलास आणि मी भिंगारच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. सहा वर्षं तू जुन्या इमारती पाडणाऱ्या टोळीत होतास. आलास तो डाव्या हाताची दोन बोटं वाकडी घेऊन, आणि पिशवीत शाळेच्या वह्या. अकरा वह्या. म्हणालास, "कादंबरी हाय. तूच जुळवायची. दुसऱ्या कुनाला हात लावू द्यायचा न्हाई." मालकांनी हो-ना करत काम घेतलं, ते माझ्या शब्दावर.

जालिंदर हे तुझ्या नायकाचं नाव. आपल्याकडचा पोरगा, मुंबईत इमारती पाडतो, एका जागी टिकत नाही. खोली बदलतो, काम बदलतो, बाई बदलतो. कोणी धक्का दिला की मारतो, कोणी धक्का नाही दिला तरी मारतो. आणि त्याच्याभोवती ती मुंबई, तीही तशीच. आज उभारलेलं उद्या पाडणार, काल बुजवलेला रस्ता परत खणणार. पत्रे कोसळतायत, भिंती पडतायत, भोंगे ओरडतायत. जालिंदर शांत असला की गल्ली रुंद होते. त्याचं डोकं फिरलं की तीच गल्ली अशी आवळत येते की वाचणाऱ्याचे खांदे भिंतीला घासावेत. खोटं कशाला बोलू, मला घाम फुटायचा जुळवताना.

खिळे जुळवणारा माणूस पुस्तक डोळ्यांनी वाचत नाही, बोटांनी वाचतो. तेही उलटं, आरशात बघितल्यासारखं. एकेक अक्षर उचलायचं आणि लावायचं. त्यामुळं तुझी एक खोड मला तिसऱ्या वहीतच सापडली. दर पाच-सात पानांनी माझा 'ध'चा खण रिकामा! धाड, धप्प, धडाड, धुमश्चक्री. मी विचार केला, ह्या माणसाला एवढे 'ध' लागतात कुठं? मागची पानं काढून बघितली. प्रत्येक वेळी जालिंदरचा हात उठायच्या आधी शहरात कुठंतरी काहीतरी पडतं. छज्जा पडतो, मग जालिंदर मुकादमाला हाणतो. पिंप गडगडतं, मग बाईच्या भावाला हाणतो. आधी शहर, मागून तो. एकदाही चुकलं नाही.

तू आलास तेव्हा मी हे सांगितलं. तू खूश झालास. म्हणालास, "बरुबर. शहरच मानसाला तसं करतं. मारायला तेच शिकवतं."

मी म्हणालो, "उलट आहे. तुझ्या जालिंदरच्या डोक्यात आधी धाड होतं, मग त्याला भिंत पडलेली ऐकू येते. त्या गल्लीत बाकीची माणसं चहा पितायत, पोरांना शाळेत सोडतायत. त्यांना कुठं ऐकू येतं?"

"तू मुंबई बघितली न्हाईस लेका, अन् मला शिकवतोस व्हय?"

"मुंबई नाही बघितली. तुला बघितलंय. तुझ्या मुंबईत मला एक गोष्ट नवी दिसली नाही, भान्या. बोर्डिंगातली ती पेटीसुद्धा तिथं आहे."

त्या दिवशी तू माझा सदरा टरकावलास. नंतर दोघं चहाला गेलो, मी फाटक्या सदऱ्यात.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. एवढी वर्षं मी लोकांचं जुळवतोय. कवी झाले, पुढारी झाले, देवस्थानांची माहात्म्यं झाली. एकानंही कधी विचारलं नाही की बाबा, तुला कसं वाटलं? खिळेवाल्याला काय विचारायचं? तू दर फर्म्याला, पानांचा एकेक गठ्ठा जुळून झाला की, विचारायचास. "लक्ष्या, कसं जमलंय?" आणि मी सांगितलं की अंगावर धावून यायचास. पण पुढच्या खेपेला परत विचारायचासच. त्या विचारण्यावर मी वर्षभर चाललो.

मग दुष्काळाचं हे दुसरं वर्ष आलं. तुझं रान करपलं, बैल गेले, आणि तू खडी फोडायच्या कामावर हजेरी मांडायला लागलास. वहिनी तिथंच खडी फोडायच्या. नगरला येणं कमी झालं तुझं. यायचास ते ओठ फाटलेले, डोळे तांबडे, आणि तिथल्या हकिकती सांगायचास. टँकर आला की माणसं माणसांच्या अंगावरून जातात. एका बाईचा हात टँकरच्या नळात अडकून मोडला तरी मागचे ढकलत होते. तू म्हणालास, "मुंबई बरी हुती रं." मी हसलो. मला वाटलं, आता तरी पटलं असेल.

आणि नेमका त्याच वेळी शेवटचा फर्मा आला. शेवटच्या वहीत तुझा जालिंदर मुंबई सोडून गावी येतो. विहिरीत उतरतो, ओंजळीनं पाणी पितो, मोटेच्या थारोळ्याजवळ आडवा होतो आणि त्याला झोप लागते. संपलं. मी जुळवलं, प्रूफ काढलं आणि तुला निरोप धाडला.

मंगळवारची दुपार होती. मालक जेवायला गेलेले, मशीनवाला गेलेला. तू प्रूफ हातात घेतलंस आणि विचारलंस, "कसं जमलंय?"

"थुकरट," मी म्हणालो.

तुझा चेहरा असा झाला! पण मला दम कुठला. "दोन वर्षं विहिरीत थेंब नाही आणि तुझा हा गडी ओंजळीनं पाणी पितोय. बरं, पाणी जाऊ दे. हा माणूस गावात येऊन झोपेल? दोनशे पानं तू मला सांगितलंस की हा एका जागी बसू शकत नाही. आता एस.टी.तून उतरला आणि साधू झाला? शहर त्यानं तिकडं ठेवलंच नाही, भान्या. ते तो अंगात घालून आलाय."

"बसू दे की रं त्याला एका ठिकानी," तू म्हणालास. किती हळू म्हणालास. ते हळू बोलणं मी ऐकायला हवं होतं.

"नाही बसणार. आठ दिवसांत कोणाचं तरी डोकं फोडेल, नाहीतर स्वतःचं फोडून घेईल. मला विचारशील तर तसंच लिही. तेच खरं आहे."

तू लाथ घातलीस. शेवटचं पान बांधून गॅलीत, पत्र्याच्या तबकात, ठेवलेलं होतं, ते सगळं फरशीवर गेलं. जुळवलेलं पान सांडणं म्हणजे काय हे आमच्या धंद्यातल्यालाच कळतं. दिवसभराचं काम, हजारभर खिळे, कोळशाच्या चुऱ्यासारखे चहूकडे. माझंही टाळकं सटकलं. फर्मा ठोकायची लाकडी मोगरी हाताशी होती, ती मी तुझ्यावर फेकून मारली. ती तुझ्या भुवईवर बसली. रक्त डोळ्यात उतरलं, तरी तू डोळा पुसला नाहीस. माझ्यासमोर आलास आणि हात उगारलास.

मी डोळे मिटले. बोर्डिंगापासूनची सवय ती, त्या हाताची मला ओळख होती. मशीन बंद, रस्त्यावरून छावणीतल्या लष्कराचा ट्रकही जात नव्हता. मी वाट बघत उभा राहिलो. डोळे उघडले तेव्हा तू दाराशी होतास, प्रूफ घडी करून पिशवीत घालत होतास. मला वाटलं, मालकांची चाहूल लागली म्हणून घाबरलास. मी पाठीमागून ओरडलो, "पळ, पळ! जालिंदर पळाला!"

तुझ्याशी बोललेले माझे शेवटचे शब्द हे. जन्मभर पुरतील मला.

नवव्या दिवशी निरोप आला की टँकरवर मारामारी झाली आणि भानुदास गेला. आलेल्या माणसानं सांगितलं, "त्यानंच आधी हात उगारला. समद्यांनी बघितलं." एकानं पाठीमागून खडी फोडायचा हातोडा घातला तुझ्या डोक्यात. मी सुन्न झालो, आणि त्या सुन्नपणातसुद्धा मनात एक हलकट आवाज होता, तोही सांगून टाकतो. तो म्हणत होता, बघ, मी सांगितलं नव्हतं? आठ दिवस म्हणालो होतो, एकच दिवस चुकला.

म्हणून तर त्या वाळूत उभं राहून मी मान हलवली.

आणि पुढं जे केलं ते त्याहून वाईट. परत आलो, दोन आठवडे त्या कामाला हात लावला नाही, फरशीवरचे खिळे अजून टोपलीत तसेच होते. मालक म्हणाले, "लग्नसराई तोंडावर आलीये, खिळे अडकून पडलेत, ते शेवटचं पान उरकून टाक." आमचा नियम असा, की लेखकानं प्रुफावर 'छापा' लिहून सही केल्याशिवाय मशीनवर काही चढत नाही. पण लेखक कुठला आणायचा? मी जुळवायला उभा राहिलो. तुझी वही शेजारी होती. मी ती उघडलीच नाही. थेट खिळ्यांतून लिहिलं, भान्या. माझ्या मनातलं. जालिंदर गावात येतो, कोरड्या विहिरीच्या काठावर एक गडी त्याला काहीतरी बोलतो, जालिंदर त्याला हाणतो, आणि मागून त्याच्या डोक्यात घाव बसतो. दात-ओठ खात एकेक अक्षर लावत होतो. मनात म्हणत होतो, तूच खरं करून दाखवलंस ना माझं? मग घे, छापून घे. सगळे 'ध' संपवले.

आयुष्यात कधी दुसऱ्याच्या मजकुरातला काना बदलला नाही मी. खिळेवाल्यानं असं करणं म्हणजे पाप. पण त्या दिवशी मला ते पाप वाटलं नाही, न्याय वाटला.

फर्मा आवळला, मशीनवर चढवला. सकाळी छापायला घेणार, तेवढ्यात दारात वहिनी. तुझं तेरावं होऊन तीन दिवस झाले होते. बरोबर त्यांचा भाऊ, तो बाहेरच थांबला. कौसल्यावहिनी आत आल्या, कपाळ मोकळं, काखेत तुझीच पिशवी. मी स्टूल पुढं केलं. बसल्या नाहीत.

"हे कागद तुमच्याकडं पोचवायचं हुतं त्यांना. गेले त्याच्या दुसऱ्याच दिशी येनार हुते," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत न्हाई. पर रोज सांजचं घेऊन बसायचे. मंजी कामाचंच आसंल."

प्रूफ होतं. घडीवर धूळ आणि एका कोपऱ्याला तांबूस डाग. मी उघडलं नाही. बोलायचं म्हणून काहीतरी बोलायला गेलो, आणि माझ्या या तोंडातून काय निघालं? "वहिनी, त्याला किती वेळा सांगितलं होतं, हात आवर म्हणून."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. भान्या, तुझ्या लाथा परवडल्या.

"भावजी, तुमीबी तेच म्हनता? गाव म्हनतंय ते म्हनू द्या. मी हुते तिथं. त्या मुडद्यानं माझा हंडा वढला, मला पाडलं. ह्यांनी त्याची गचांडी धरली. हात वर नेला, व्हय, नेला. समद्यांनी तेवढंच बघितलं. म्होरचं कुनी सांगत न्हाई. त्यांनी हात खाली घेतला. मारलं न्हाई. गचांडी सोडली, अन् माझा हंडा उचलायला वाकले. वाकलेल्या मानसाला मारलं, भावजी. पाठीमागून."

मी मशीनला धरून उभा राहिलो. मग काहीतरी करायचं म्हणून मी प्रूफ उघडलं.

ती विहीर, ती ओंजळ, ती झोप, सगळ्यावर तुझी काट. आणि समासात, कागद फिरवून फिरवून, तुझ्या त्या मुंगीच्या अक्षरात नवा मजकूर. खाली सही नाही, 'छापा' नाही. सगळ्यात वर लिहिलंस, "लक्ष्याला दाखवून मग." मी उभ्या उभ्या वाचायला लागलो. वहिनी म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा." मी मोठ्यानं वाचलं.

"कोरड्या विहिरीच्या काठावर जालिंदरनं हात उगारला. समोरचा डोळे मिटून उभा होता. आता कुठंतरी काहीतरी पडेल, म्हणून जालिंदर ऐकत राहिला. भिंत पडली नाही. पत्रा पडला नाही. भोंगा वाजला नाही. समोरच्याचं तोंड भीतीनं थोडं उघडलं होतं. त्याचा पुढचा दात अर्धाच होता. तो आपणच तोडला होता, हे जालिंदरला आठवलं. इतकी वर्षं तो दात घेऊन हा माणूस आपल्याशी बोलत आला. जालिंदरनं हात खाली घेतला."

शेवटची दोन वाक्यं मी कशी वाचली ते वहिनींना विचार.

त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही, काही नाही. माझ्या तोंडाकडं, दाताकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "आसंच झालं हुतं टँकरवर. आस्सं. हात वर, अन् मग खाली." पिशवी परत काखेत मारली आणि म्हणाल्या, "छापा, भावजी."

सही म्हणून मला तेवढं पुरलं.

मशीनवरून फर्मा उतरवला. माझं ते पान मीच मोडलं, आणि एकेक खिळा त्याच्या खणात परत टाकला. मालक बोंबलले, लग्नाच्या पत्रिका अडल्या म्हणून. बोंबलू देत. दुपारी तुझं पान जुळवायला घेतलं, समासातलं बघून, काना-मात्रा न बदलता. भांडायची मला अजूनही खुमखुमी आहे. "ऐकत राहिला" हे दोन शब्द जास्त होतात असं मला वाटतं. वाटू दे. तसेच ठेवलेत.

पण एक गोष्ट तू त्यात लिहिली नाहीस, कारण तुला ती माहीतच नव्हती, आणि मी तुला तोंडावर सांगू शकलो नाही. त्या मंगळवारी मी ओरडलो ना, जालिंदर पळाला म्हणून, ते मला खरंच तसं वाटलं होतं रे. जन्मभर ज्या हाताला भ्यायलो, तो एकदा माझ्यासमोर खाली आला, आणि मी तेव्हा डोळे मिटून उभा होतो. मी बघितलंच नाही, भान्या.